गादीच्या दुकानाला गुगलवर आणायचा खटाटोप: एक एजन्सी, एक फ्रीलान्सर आणि बाबांची वही

आधीच सांगते, हा रिव्ह्यू वेबसाइट गुगलच्या शोधात वर आणून देणाऱ्या दोन सर्व्हिसचा आहे आणि दोघांचीही नावं यात नाहीत. एजन्सीचं नाव टाकत नाही कारण मला कोर्टकचेरी नकोय, आणि जिने खरं काम केलं त्या मुलीला विचारलं नाव टाकू का, तर म्हणाली ताई प्लीज नको, हातातले क्लायंटच संपत नाहीयेत. तर नावं सोडून बाकी सगळं लिहिते, पैशांसकट.

आमचं गादीचं दुकान आहे लालबागला, करी रोड स्टेशनवरून चालत सात-आठ मिनिटं. शोरूम वगैरे काही नाही. पुढे दहा बाय बाराचा गाळा, मागे कापूस पिंजायचं मशीन, आणि ते चालू असलं की फोनवर बोलायचं म्हणजे ओरडायचंच. कापसाच्या गाद्या, उशा, लोड-तक्के, जुनी गादी उसवून कापूस पिंजून परत भरून देणं, बाळांसाठी मोहरीच्या उशा, असं सगळं. बाबा चाळीस वर्षं हेच करतायत. मी फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, संध्याकाळी सातनंतर दुकानात येते. वेबसाइट आतेभावाच्या मित्राने २०२१ मध्ये अठरा हजारांत करून दिली होती, आणि ती होती एवढंच म्हणू शकते. व्हिजिटिंग कार्डावर छापायला पत्ता झाला.

एजन्सीचं आधी. २०२३ ची दिवाळी आमची अगदी सपाट गेली. दसरा ते दिवाळी म्हणजे आमचा सीझन, घरं रंगवली की लोक गाद्या काढतात, आणि त्या वर्षी बाबा दुपारी पेपर वाचत बसलेले. तेव्हा एक फोन आला, मॅडम आम्ही गुगलकडून बोलतोय, तुमची वेबसाइट रँक होत नाहीये, म्हणजे शोधात वर येत नाहीये. दोन मिनिटांत 'गुगलकडून' चं 'गुगलचे पार्टनर' झालं, तिथेच फोन ठेवायला हवा होता, पण माणूस त्या मूडमध्ये असला की कोणालाही हो म्हणतो. महिना बारा हजार अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४,१६०. सहा महिने लॉक-इन, म्हणजे मधे सोडता येणार नाही. फर्स्ट पेज गॅरंटी, म्हणजे गुगलच्या पहिल्या पानावर आणणारच. गुणाकार करून ठेवलाय, ८४,९६० रुपये. या पैशांत नवीन मोटर आली असती मशीनला, हे बाबांनी मला एकदाही ऐकवलं नाही, आईने ऐकवलं.

दर महिन्याच्या पाच तारखेला बावीस पानांची पीडीएफ यायची, रंगीत, हिरवे बाण सगळे वर जाणारे. मी हिशोबातली बाई, आकडे वर जाताना दिसले की मला बरं वाटतं. तिसऱ्या महिन्यात तर त्यांनी लिहिलं होतं की आपण एका कीवर्डवर, म्हणजे लोक गुगलवर टाकतात अशा शब्दांवर, थेट नंबर एकला आलोय. बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पान उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, 'अगं पण फोन कुठं वाजतोय?'

मग मी पहिल्यांदा तो कीवर्ड नीट वाचला. 'बेस्ट प्रीमियम कॉटन मॅट्रेस मॅन्युफॅक्चरर इन लालबाग परेल मुंबई'. आता मला सांगा, आख्ख्या मुंबईत हे कोण टाइप करतं? आमच्याकडे येणारी बाई बस स्टॉपवर उभी राहून एका हाताने मोबाइल धरून फार तर 'गादी लालबाग' एवढंच टाकणार. जे वाक्य कोणीच शोधत नाही त्यात आपण पहिले, म्हणजे शर्यतीत एकटेच धावलो आणि बक्षीस पण घेतलं. आणि गॅरंटीचं म्हणाल तर गुगलच्या स्वतःच्या मदतीच्या पानांवर स्वच्छ लिहिलंय की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीही देऊ शकत नाही, जो देतो त्याच्यापासून जपून राहा. हे मी पैसे भरून झाल्यावर वाचलं, अर्थातच.

बाकी रिपोर्टात काय काय होतं ते आता हसू येतं म्हणून सांगते. 'मेटा कीवर्ड्स अपडेटेड, १४ पेजेस' हे सहाही महिने. हा मेटा कीवर्ड नावाचा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये आत लिहिलेली शब्दांची यादी, आपण रँकिंगसाठी बघतच नाही असं गुगलने २००९ मध्येच जाहीर केलंय, म्हणजे पंधरा वर्षं बंद पडलेल्या बेलचं बटण दाबायचे पैसे मी देत होते. मग '३५० हाय क्वालिटी बॅकलिंक्स', म्हणजे दुसऱ्या साइटवरून आमच्या साइटला दिलेल्या लिंका. त्यातल्या दहा मी उघडून बघितल्या, सगळ्या कुठल्या कुठल्या डिरेक्टरी, आमच्या दुकानाच्या वर एक कॅसिनो आणि खाली परदेशातला कोणीतरी प्लंबर. असल्या लिंकांवर गुगलने २०१२ मध्ये पेंग्विन नावाचं अपडेट आणलं तेव्हापासून डोळा ठेवलाय. मग ब्लॉग, 'चांगल्या झोपेचे दहा फायदे', इंग्रजीत, महिन्याला चार, त्यात कापूस हा शब्द नाही आणि लालबाग तर नाहीच नाही. आणि प्रत्येक पानावर 'नियर मी', 'मॅट्रेस शॉप नियर मी लालबाग' असं. अहो नियर मी हे शोधणारा माणूस म्हणतो, तो कुठे उभा आहे ते गुगलला त्याच्या फोनवरून कळतं, दुकानदाराने पाटीवर 'माझ्या जवळ' लिहून काय उपयोग?

वागायला मात्र वाईट नव्हते. तो अकाउंट मॅनेजर मुलगा फार गोड बोलायचा आणि जीएसटी बिल वेळेवर. त्यासाठी अर्धा स्टार जास्तीचा, एकूण दीड.

सोडताना खरी गंमत कळली. गुगल मॅपवर जे आपल्या दुकानाचं प्रोफाइल असतं, ज्याला आधी गुगल माय बिझनेस म्हणायचे आणि २०२१ पासून बिझनेस प्रोफाइल म्हणतात, ते त्यांनी स्वतःच्या ईमेलवर घेऊन ठेवलेलं, प्रायमरी ओनर ते आणि मी नुसती मॅनेजर. चाळीस वर्षांच्या दुकानाची मालकी अंधेरीतल्या कुठल्यातरी मेल आयडीकडे. देतो देतो करत तीन आठवडे घालवले. शेवटी मालकीची रिक्वेस्ट टाकायची सोय असते ती वापरली, समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात, दुसऱ्या दिवशी गपचूप सोडलं. डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं, बघायला गेले तर ते अजून आतेभावाच्या मित्राच्या जीमेलवर, आणि तो आता कॅनडात! तो बिचारा भला निघाला, रात्री जागून ट्रान्सफर करून दिलं. पण तुमचं डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आजच बघा, खरंच.

आता दुसरी सर्व्हिस. ऑफिसातल्या एकीच्या ओळखीतून मिळाली, भांडुपची मुलगी, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, एकटीच काम करते. एकदाच ऑडिट, म्हणजे साइटची पूर्ण तपासणी, सोबत दोन वेळा फोनवर बोलणं आणि तीन महिन्यांनी एकदा तपासणी, साडेसात हजार. महिन्याचं पॅकेज आहे का विचारलं तर म्हणाली तुमच्या साइजला नकोय. तिथेच मला ती आवडली.

ऑगस्ट २०२४ मधल्या एका शनिवारी ती दुकानातच आली. लॅपटॉप उघडला नाही. बाबांच्या समोर स्टुलावर बसली, चहा घेतला आणि म्हणाली, 'काका, फोनवर लोक काय विचारतात?'

बाबांची एक वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची, त्यात ऑर्डर आणि विचारपूस दोन्ही लिहितात, चाळीस वर्षांची सवय. ती तिने अर्धा तास वाचली. नुसती ऑर्डर नाही, शब्द. 'जुना कापूस चालेल का, नवीन किती घालावा लागेल, ताडदेव.' 'मोहरी उशी, बारसं गुरुवारी, माहीम.' 'पलंग पावणेसहा बाय साडेतीन, भिंतीत खांब, एक कोपरा कापून.' या शेवटच्यावर ती थांबली. हे काय काका? मग बाबा खुलले. मुंबईतली घरं, त्यात ह्या जुन्या चाळी आणि एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) बिल्डिंगी, बेडरूममध्ये बीमचा खांब पुढे आलेला असतो, सुतार पलंग त्या खांबाला वळसा घालून करतो, आणि मग त्या मापाची गादी कुठल्याच शोरूममध्ये मिळत नाही, ती आमच्याकडे मिळते. महिन्याला पाच-सहा तरी असतात. तिने विचारलं, हे वेबसाइटवर कुठाय? नव्हतंच. वेबसाइटवर होतं 'वी प्रोव्हाइड कम्प्लीट स्लीप सोल्युशन्स'.

तिचं सगळं म्हणणं थोडक्यात असं होतं की लोक फोनवर जे शब्द बोलतात तेच ते गुगलवर टाकतात, आणि ते शब्द तुमच्या पानावर नसतील तर गुगलने तुम्हाला का दाखवायचं. ऐकायला साधं आहे. पण पंच्याऐंशी हजारात मला कोणी हे म्हटलं नव्हतं.

मग लॅपटॉप उघडला. गुगल सर्च कन्सोल म्हणून गुगलचंच एक फुकट टूल आहे, २०१५ पर्यंत त्याला वेबमास्टर टूल्स म्हणायचे, तुमची साइट कोणत्या शब्दांवर किती वेळा दिसली, किती जणांनी क्लिक केलं, साधारण कितव्या नंबरवर होती, सगळं त्यात दिसतं. एजन्सीने ते जोडलं होतं पण मला कधी दाखवलं नव्हतं, हिरवे बाण असलेली पीडीएफच दाखवायचे. त्यात पेज इंडेक्सिंगचा, म्हणजे गुगलने कुठली पानं आपल्या यादीत घेतलीयत त्याचा, रिपोर्ट उघडल्यावर कळलं की आमच्या मूळ चौदा पानांपैकी सहा पानं गुगलमध्ये नाहीतच! नोइंडेक्स म्हणून टॅग असतो, 'हे पान घेऊ नका' असं गुगलला सांगणारा. साइट बनवताना मित्राने अर्धवट पानांना तो लावला होता आणि काढायचा राहिला. तीन वर्षं. म्हणजे आम्हीच आमच्या दारावर 'दुकान बंद' ची पाटी लावून आत बसलो होतो. तो टॅग काढायला चार मिनिटं लागली, मी घड्याळ बघितलं.

होमपेजचा घोळ वेगळाच. ते पान म्हणजे आमच्या दिवाळीच्या पॅम्फ्लेटचा एक मोठा फोटो होता, सगळे रेट, सगळे प्रकार त्या फोटोतच. माणसाला वाचता येतं पण गुगलला त्यातून धड शब्द मिळत नाहीत. वर तो फोटो ४.८ एमबीचा. पेजस्पीड इनसाइट्स या साइटचा वेग मोजणाऱ्या गुगलच्या टूलवर टाकलं तर मोबाइलवर मुख्य चित्र उमटायला नऊ सेकंदांच्या वर, आणि गुगलच्या हिशोबात अडीच सेकंदांच्या आत असेल तर चांगलं. नऊ सेकंद म्हणजे करी रोडला लोकल थांबून निघाली पण. आणि गुगल आता साइट मोबाइलवर कशी दिसते त्यावरूनच इंडेक्स करतं, त्यामुळे कॉम्प्युटरवर छान दिसते हो, हे सांगून उपयोग नाही. टायटल, म्हणजे सर्चमध्ये निळ्या अक्षरात जे येतं, ते होतं 'होम'. फक्त होम.

ह्या मुलीने मला सगळ्यात भारी गोष्ट दाखवली ती मात्र ह्यात नाही, ती शब्दांच्या यादीत. सर्च कन्सोलमध्ये एक शब्द फार वेळा दिसत होता, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं 'गादी रिपेअर'. महिन्याला शेकड्यांनी वेळा आम्ही दिसतोय आणि क्लिक शून्य. मी म्हटलं वा, एवढे लोक शोधतायत तर यावरच काम करू. ती हसायला लागली. म्हणाली ताई, इंग्रजी अक्षरांत गादी आणि गाडी सारखंच लिहितात. जी ए डी आय. ते सगळे गाडीवाले आहेत. मग मला आठवलं, मे महिन्यात एकाने फोन करून बाबांना विचारलं होतं, ॲक्टिव्हाचा क्लच करता का, आणि बाबांनी त्याला शांतपणे शेजारच्या गल्लीतल्या गॅरेजचा नंबर दिला होता! बाबांना वाटलं चुकून लागला. चुकून नव्हता, गुगलने पाठवला होता. एजन्सीच्या रिपोर्टात हेच 'इम्प्रेशन्समध्ये (म्हणजे शोधात दिसण्यात) १८० टक्के वाढ' म्हणून हिरव्या बाणाने दाखवलेलं.

आता हे कुठल्या टूलमध्ये कळणार? मराठी माणूसच पाहिजे. म्हणून तिने सांगितलं की नुसतं गादी लिहू नका, जवळ कापूस, कॉटन, मॅट्रेस, पिंजून असे शब्द येऊ देत म्हणजे गुगलला कळेल कुठली गादी. आणि लोक तीन-चार भाषांत शोधतात तेही त्या यादीतच दिसलं. कोणी देवनागरीत 'मोहरीची उशी', कोणी 'राई का तकिया', कोणी 'मस्टर्ड पिलो', गुजराती लोक 'रू नी गादी'. सगळं एका पानावर कोंबायचं नाही, पण वाक्यात सहज येईल तिथे यावं. कोंबलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं, गुगलला पण.

पानं मीच लिहिली. ती मराठी मजकूर लिहून देत नाही, हा तिच्या सर्व्हिसचा मोठा मायनस, पण म्हणाली तुम्ही काकांना विचारून लिहा, तेच बरं होईल. चार रविवार गेले. बाबा बोलायचे, मी टाइप करायचे. जुन्या कापसाच्या पानावर आम्ही खरंखुरं लिहिलं की पिंजताना कापसात घट होतेच, त्यामुळे थोडा नवीन कापूस लागतो, खोळ बदलायची का तीच धुऊन लावायची ते तुम्ही ठरवा, सकाळी अकराच्या आत आणलीत तर संध्याकाळी मिळते, पावसाळ्यात कापूस सुकायला वेळ लागतो म्हणून दोन दिवस. खांबवाल्या गादीच्या पानावर माप कसं घ्यायचं ते, बाबांनी पाठकोऱ्या कागदावर काढलेल्या चित्राच्या फोटोसकट. मोहरीच्या उशीच्या पानावर मी लिहिलं होतं की बाळाचं डोकं गोल होतं, ती म्हणाली काढा, आरोग्याचे असले दावे डॉक्टरी आधाराशिवाय लिहू नका, गुगल पण अशा मजकुराकडे जास्त कडक नजरेने बघतं आणि तसंही ते बरोबर नाही. बाबा नाराज झाले. मग आम्ही मोहरी कुठली, चाळून घेतो का, अभ्रा काढून धुता येतो का, एवढंच ठेवलं. पान आधीपेक्षा चांगलं झालं.

मॅपच्या प्रोफाइलचं काम पण तिनेच मार्गी लावलं. एजन्सीने दुकानाच्या नावातच 'बेस्ट मॅट्रेस शॉप इन मुंबई' चिकटवलं होतं, हे नियमात बसत नाही, प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं, ते काढून पाटीवरचं नाव ठेवलं. पिन चुकीची होती, फ्लायओव्हरच्या पलीकडे, गिऱ्हाईक तिकडे उतरून फोन करायचं आणि मग पूर्ण वळसा. गणपतीचे अकरा दिवस लालबागमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आम्ही दुपारीच शटर ओढतो, तर त्या दिवसांसाठी वेगळ्या वेळा टाकता येतात हे मला माहीतच नव्हतं. बाबांनी विचारलं आपण बोरिवलीला का दिसत नाही. तिने सांगितलं की मॅपवर तीन गोष्टी चालतात, शोधतायत त्याच्याशी तुमचा संबंध किती, अंतर किती, आणि तुमचं नाव किती, रिव्ह्यू वगैरे धरून. यातलं अंतर काही आपल्या हातात नाही काका. बाबा म्हणाले मग दुकान बोरिवलीला नेऊ का.

रिव्ह्यूंसाठी मी म्हटलं होतं की जो रिव्ह्यू देईल त्याला एक अभ्रा फ्री. ते पण चालत नाही, रिव्ह्यूच्या बदल्यात काही देणं गुगलच्या नियमाविरुद्ध आहे. आता काउंटरवर क्यूआर चिकटवलाय आणि गादी रिक्षात चढवून झाली की बाबा म्हणतात, जमलं तर दोन शब्द लिहा हो. लिहितात लोक. एक बाईंनी तर आख्खा निबंध लिहिला, त्यात 'खांबाच्या मापाची गादी' हे शब्द स्वतःहून आले.

तिच्यात दोष काय, तर आहेत. व्हॉट्सॲपला उत्तर द्यायला दोन-दोन दिवस. ऑडिट म्हणजे सत्तेचाळीस ओळींची एक्सेल, त्यातल्या वीस मला आजही कळलेल्या नाहीत, कुठलं आधी करायचं ते विचारून घ्यावं लागलं. वेबसाइटमधले बदल ती करत नाही, त्यासाठी दुसऱ्या डेव्हलपरला चार हजार वेगळे. आणि हे तिने आधी नीट सांगायला हवं होतं की २०२४ ची दिवाळी यात सापडणार नाही. गुगलच सांगतं की अशा कामाचा फरक दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, पण मी ऑगस्टमध्ये पैसे दिलेले, ऑक्टोबरमध्ये रोज सर्च कन्सोल उघडून बसायचे, पानं इंडेक्स झालेली दिसायची आणि फोन तेवढेच. त्या दिवाळीत मी तिच्यावर वैतागले होते आणि आईने परत मोटरचं काढलं.

फरक पडायला लागला तो जानेवारी-फेब्रुवारीत. आधी मोहरीची उशी. मग मार्चपासून खांबवाली गादी, त्यावर तर आम्ही भराभर वर गेलो, कारण त्याबद्दल दुसरं कोणी लिहिलेलंच नव्हतं. सर्च कन्सोलमध्ये सोळा महिन्यांचा डेटा राहतो म्हणून तुलना करता आली. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२४ मध्ये साइटवर गुगलवरून क्लिक ३८, आणि २०२५ मध्ये त्याच तीन महिन्यांत ४१२. मोठ्या कंपन्यांसाठी हे काहीच नाही, पण आमच्याकडे ४१२ माणसं म्हणजे पिंजाऱ्याला ओव्हरटाइम. बाबा वहीत गुगलवरून आलेल्या ऑर्डरपुढे खूण करायला लागले, आधी 'गु' लिहायचे, आईने वही बघून आरडाओरडा केला, आता 'जी' लिहितात. २०२५ च्या ऑक्टोबरात सत्तावीस 'जी' होते. एक तर पुण्याहून, मोहरीची उशी कुरिअरने पाठवा म्हणून, मोहरीचं वजन आणि कुरिअरचा रेट बघता त्यात काही सुटलं नाही, पण बाबांनी ते पार्सल स्वतः बांधलं.

सगळंच जमलं असं नाही. 'मॅट्रेस लालबाग' टाकलं तर अजून वर मोठ्या ब्रँडची शोरूमच येतात, आणि तिथे आपण पोचू असं ती पण म्हणत नाही. सोफा रिपेअरचं पान साफ पडलं, गुगलच्या तिसऱ्या पानाच्या वर येतच नाही. एजन्सीचे ब्लॉग आम्ही उडवले, काही बिघडलं नाही. त्या साडेतीनशे लिंका तशाच आहेत, तिने सांगितलं हात लावू नका, गुगल अशांकडे बहुतेक दुर्लक्षच करतं.

मागच्या आठवड्यात आणखी एका एजन्सीचा फोन आला, मॅडम आता एआय सर्चमध्ये तुम्हाला टॉपला आणतो, महिना पंधरा हजार. मी विचारलं आमच्या साइटवर किती पानं इंडेक्स आहेत सांगा. म्हणाला ते टेक्निकल टीम बघते.

माझ्याकडून तिला चार स्टार. पाचवा उशिरा उत्तर देण्याचा आणि त्या दिवाळीचा कापला. महिन्याला दोनच नवीन कामं घेते त्यामुळे थांबायची तयारी ठेवा. नंबर इथे टाकणार नाही, तिने नको म्हटलंय. खरंच पाहिजे असेल तर दुकानात या, सातनंतर मी असते, सोमवारी बंद. आणि येताना तुमच्या गिऱ्हाइकांचे महिनाभराचे फोन लिहून आणा, ती पहिलं तेच मागते.